गौरव दालनाचा, प्रश्न निकषांचा

चंद्रपूर : चंद्रपूर-गडचिरोलीतील साहित्यिकांच्या गौरवासाठी कायमस्वरूपी दालन असावे, ही अपेक्षा रास्त आहे. चंद्रपुरात १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे, तर २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. परंतु मांडव उतरला की स्मृतीही विरते. दालन उभारताना कळीचा मुद्दा निवडीचा ठरेल. केवळ छापील पुस्तके प्रमाण मानल्यास, दिवाळीनंतर वडसा परिसरातून गावोगावी जाणाऱ्या मंडळींसाठी रात्रभर चालणारी नाटके लिहिणारे झाडीपट्टीचे नाटककार उंबरठ्याबाहेरच राहतील. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नटाचा सन्मान झाला. आता संहिताकारांकडेही लक्ष जावे. तसबिरी लावण्याआधी त्यांची हस्तलिखिते जपली जाणे अगत्याचे आहे.