गाडीचे टायर बदलताना

घरात मोठी मोटारगाडी असणे ही आता खेड्यापाड्यांतूनही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जिला हल्ली एस. यू. व्ही. म्हणतात त्या गाडीत आजीपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब बसते, लग्नाचे सामान जाते, आणि रात्रीअपरात्री आजाऱ्यास शहरातील इस्पितळात न्यावे लागते तेही तिच्यातूनच. परंतु या साऱ्या जिवांचा भार ज्या चार टायरांवर असतो, त्यांतील प्रत्येक टायर रस्त्यास टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. म्हणून टायरची निवड हा केवळ दुकानदाराशी घासाघीस करण्याचा विषय नव्हे. भर पावसात, भरलेल्या गाडीनिशी आपणास थांबता येईल काय, हाच तिचा खरा निकष होय.

टायर केव्हा बदलावेत? खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. झिजलेले रबर त्यांच्या पातळीस आले म्हणजे खाच अवघी १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. आपल्या देशातील नियमांप्रमाणे मोटारीस ही शेवटची मर्यादा आहे. तथापि रस्त्यावरील पाणी बाजूस सारणे हेच खाचांचे काम असल्याने, ती उथळ झाली की वेगात असलेले चाक पाण्यावर तरंगू लागते. मग ब्रेकही चालत नाही आणि सुकाणूही. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्यांस जुलैतील पाऊस ठाऊकच आहे. आमचे मत असे की, खाच तीन मिलिमीटरवर आली असल्यास पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत.

गाडी फारशी फिरत नसली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवर, कधी आतल्या बाजूस, चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२४’ याचा अर्थ सन २०२४ मधील तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकारास दाखवावेत, आणि खाचा शाबूत असल्या तरी दहा वर्षांपलीकडे ते वापरू नयेत. स्टेपनीसही हाच नियम लागू आहे. नवे घेतानाही हे आकडे आणि आय. एस. आय. चे चिन्ह पाहूनच पैसे द्यावेत.

आता मापाविषयी. बोलेरो गाडीचे माप २१५/७५ आर १५ असे असते. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि रीम १५ इंचांची. त्यापुढे ‘१०० एस’ असे लिहिलेले असल्यास तो टायर ८०० किलो भार आणि ताशी १८० किलोमीटर वेग सोसण्यास योग्य आहे असे समजावे. आपल्या गाडीचे माप चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळते. त्यात दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

घरातील तरुण मंडळींस मोठ्या गुट्ट्यांचे, रांगडे दिसणारे टायर आवडतात. त्यांची हौस आम्ही समजू शकतो. पण चिखलासाठी घडविलेले टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतात, इंधन अधिक खातात, आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड बहुधा कमीच असते. ज्यांची गाडी रोज शेताच्या चिखलवाटेने जाते त्यांनी ‘ए. टी.’ प्रकारचे मध्यम टायर अवश्य घ्यावेत. ज्यांचा बहुतेक प्रवास डांबरावर होतो त्यांस ‘एच. टी.’ हेच हितकर.

चार टायरांची किंमत कष्टाच्या संसारास जड वाटते हे आम्ही जाणतो. दोनच घेणे शक्य असेल तर नवे टायर मागे बसवावेत. मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे कठीण जाते. मात्र चारही चाकांस जोर देणाऱ्या गाडीचे चारही टायर एकदमच बदलणे चांगले. झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून विकण्याचा धंदा चालतो, त्यापासून दूर राहावे. तिथे कोरले जाते ते आपल्या संरक्षणाचेच रबर होय.

नवे टायर घेतल्यावर महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा तपासावी आणि चाकांची अलाइनमेंट वेळोवेळी करून घ्यावी.

येत्या रविवारी गाडी अंगणात उभी असताना वाचकांनी क्षणभर खाली वाकून त्या खाचा आणि ते चार आकडे पाहावेत. या पाहणीस पैसा पडत नाही.