‘नंतर आठवण करा’

थोरल्या लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. मोबाइलच्या कॅलेंडरात आम्ही आठवण लावली. ती वाजली तेव्हा आम्ही विजापूर वेशीत सौदा घेत होतो, ‘स्नूझ’ दाबलं. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा घरी पाहुणे होते. तिसऱ्यांदा रविवार, कचेरी बंद. चौथ्यांदा न वाचताच बोटानं बाजूला सारली. अर्जाची आठवण झाली तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. लेक रागावली नाही. “अब्बा, मोबाइल तर वाजत होता ना?” एवढंच विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सोलापूरच्या वडीलधाऱ्यांना गिरणीचा भोंगा आठवत असेल. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंगा झाला की घरातली माणसं पाळीला निघायची. त्या भोंग्याला ‘थोड्या वेळानं वाज’ असं सांगायची सोय नव्हती. उशीर झाला तर खाडा. आज भोंगा आपल्या खिशात आहे, आणि त्याला गप्प करायचं बटणही आपल्याच हातात आहे.

स्नूझनं फक्त आवाज पुढे जातो, कामाची तारीख जागेवरच राहते, हे आपण विसरतो. म्हणून घरात आता काही नियम केले आहेत.

आठवण मुदतीच्या दिवसाची लावायची नाही, काम सुरू करायच्या दिवसाची लावायची. दाखल्याला दिवस लागतात, तर आठवण पंधरा दिवस आधी.

स्नूझ एकदाच. दुसऱ्यांदा वाजली की काम करायचं, नाहीतर कॅलेंडर उघडून नवा दिवस आणि नवी वेळ लिहायची. ‘मंगळवारी ११ वाजता कचेरीत’ असं लिहिलं की काम होतं.

चुकून सरकवलेली आठवण शोधता येते. बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलमध्ये सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ असते. ती आधीच चालू करून ठेवली, तर स्नूझ केलेल्या आणि नुकत्याच काढून टाकलेल्या सूचना तिथं दिसतात. ऑफिसात आउटलूक वापरणाऱ्यांनी साठलेल्या आठवणींवर ‘डिसमिस ऑल’ दाबण्याआधी यादी एकदा वाचावी.

एक आठवण मात्र स्नूझ न करताही मागे पडते, ती जकातीची. जकातीचं वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. मोबाइलमध्ये ‘दरवर्षी’ असं लावलं तर तो इंग्रजी वर्ष मोजतो. दर वर्षी दहा-अकरा दिवसांचा फरक पडतो. तीन वर्षांत महिना, आणि ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. ती गरिबांची अमानत आहे. गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये हिजरी तारखा दाखवायची सोय आहे. ती पाहून दर वर्षी नवी आठवण लावावी, तीही चार दिवस आधी, कारण आपल्याकडे चंद्रदर्शनानं एखादा दिवस मागेपुढे होतो.

आपल्या घरांत ‘करू, इन्शाअल्लाह’ हे शब्द कधी कधी स्नूझसारखेच वापरले जातात. खरं तर ते पक्क्या इराद्याचे शब्द आहेत. पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची आठवण आम्ही लावली आहे. या वेळी लेकीच्या मोबाइलमध्येही.