बोअरच्या आकड्याने बंदूक सुरक्षित होत नाही

रायफलचा परवाना हाती आलेल्या भारतीय माणसापुढे निवडीला फारसा वाव नसतो. परदेशातून शस्त्रांची आयात सर्वसामान्य परवानाधारकासाठी १९८०च्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जुनी वापरलेली बंदूक नको असेल, तर बहुतेकांची गाठ पडते ती सरकारी आयुध कारखान्याच्या .३१५ बोअरच्या रायफलशी. हे काडतूस मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी घडवले गेले. आज जगात इतरत्र शिकारीसाठी ते क्वचितच वापरले जाते. आपल्याकडे मात्र ते घरोघरच्या परवान्यांवर आहे आणि त्याच्या पितळी बुडावर ठोकलेल्या ‘८ एमएम केएफ’ या अक्षरांतले केएफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. जगाने टाकून दिलेले काडतूस भारतात टिकले ते त्याच्या गुणांमुळे नव्हे, कायद्यामुळे. नागरिकाच्या बंदुकीचे काडतूस सैनिकाच्या बंदुकीत बसू नये आणि सैनिकाचे नागरिकाच्या बंदुकीत, एवढाच त्यामागचा विचार होता. हा विचार आता मोडीत काढण्याची वेळ आली आहे. बंदूक कोणाच्या हाती आहे, कशासाठी आहे आणि तिच्या काडतुसांचा हिशोब कोण ठेवतो, हे तीन प्रश्न बोअरच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत.

आकड्यावर बंदी घालण्याची ही रीत इंग्रजांची. वायव्य सरहद्दीवर आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० बोअरच्या शिकारी काडतुसांवर बंदी आली. परिणाम काय झाला? लंडन आणि बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी मापे थोडी सरकवली आणि .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी काडतुसे बाजारात आणली. ताकदीत ती .४५० पेक्षा कमी नव्हती. संस्थानिकांनी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी ती घेतली आणि वाघ-हत्तींची शिकार पूर्वीसारखीच चालू राहिली. सरहद्दीवरच्या टोळ्यांपुरता बंदीचा काही उपयोग झालाही असेल, पण तिने शस्त्रे कमी केली नाहीत, फक्त मापांची गर्दी वाढवली. आज त्या मापांच्या दुनळी रायफली ज्या घराण्यांत उरल्या आहेत, तिथे त्यांना काडतुसे मिळवणे महामुश्किलीचे आहे.

ब्रिटिश सैन्याच्या .३०३ बोअरच्या बाबतीत तेच घडले. लष्करी काडतूस नागरिकांना निषिद्ध ठरले, तेव्हा त्या सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलच्याच यंत्रणेला वेगळ्या मापाची नळी बसवून .३१५ ची रायफल तयार झाली. आधी बीएसएसारख्या विलायती कंपन्यांनी ती इथे विकली, स्वातंत्र्यानंतर आपल्या आयुध कारखान्यांनी. पण एखादे माप देशभर विकायला लागले की ते दुर्मीळ राहत नाही. उत्तर प्रदेश-बिहारच्या गुन्हेवृत्तांत गावठी कट्ट्याबरोबर ‘३१५ बोअर’ हे शब्द इतक्या वेळा येतात की ती त्या शस्त्राची जणू जातच झाली आहे. कारण सरळ आहे. कट्टा बनवणारा आधी बाजारात कोणते काडतूस मिळते ते पाहतो आणि त्या मापाची नळी जोडतो. म्हणजे जे माप सैन्यापासून वेगळे ठेवल्याने सुरक्षित मानले गेले, तेच गुन्हेगाराचे आवडते माप ठरले. वेगळ्या मापाचे कुलूप केले, पण किल्ल्या परवान्याच्या दुकानांतून गळत राहिल्या, तर कुलूप बदलून काही साधत नाही.

आकड्याचा धोक्याशी संबंध नाही, याचा पुरावा याच व्यवस्थेत आहे. .३०३ नागरिकांना निषिद्ध, पण .३०-०६ ची रायफल आपल्याच आयुध कारखान्याने नागरिकांसाठी बनवली. .३०-०६ हे १९०६ सालचे अमेरिकी लष्करी काडतूस. दोन्ही महायुद्धांत ते वापरले गेले आणि वेगात व ताकदीत ते .३०३ च्या पुढे आहे. कमी ताकदीचे निषिद्ध आणि अधिक ताकदीचे परवानगीयोग्य, कारण दुसरे आपल्या सैन्याचे नाही! आणि ज्या .३०३ साठी हा सगळा खटाटोप, तिला उत्तर प्रदेश पोलिसांनीही २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. नियम मात्र तसाच राहिला.

कोणी विचारेल, शिकारच बंद असलेल्या देशात ही चर्चा हवी कशाला? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शौकाची शिकार संपवली हे उत्तमच झाले आणि ती बंदी तशीच राहिली पाहिजे. पण त्याच कायद्याच्या ११व्या कलमात माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. केंद्राने २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये रोही (नीलगाय) व रानडुक्कर आणि उत्तराखंडमध्ये रानडुक्कर काही काळापुरते उपद्रवी घोषित केले होते. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा निर्णय ग्रामपंचायतींच्या प्रमुखांपर्यंत नेला. महाराष्ट्रातही रानडुक्कर आणि रोही मारण्यासाठी वन खात्याचा परवाना मिळू शकतो. विदर्भात हरभरा आणि तूर, कोकणात भात एका रात्रीत आडवा झालेला शेतकरी ही परवानगी मागतो, तेव्हा गोळी झाडली जाणार हे सरकारने मान्य केलेले असते. मग ती कोणत्या बंदुकीतून, कोणाच्या हातून आणि कोणत्या दिशेला सुटेल, हे ठरवणेही सरकारचेच काम आहे.

इथे १९५९ चा शस्त्र कायदा काय म्हणतो ते पाहावे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, इतपतच त्यातल्या परवान्यांविषयीच्या कलमाचा विचार जातो. ठासणीच्या बंदुकीत एक बार उडाला की पुन्हा दारू भरून ठासावी लागते, तोवर जखमी डुक्कर उसात शिरलेले असते. बारा बोअरचे मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरपलीकडे विखुरतात. त्या अंतराबाहेर बार टाकला तर जनावर मरत नाही, पोटात शिसे घेऊन दोन दिवस तडफडते किंवा सकाळी बांधावर येणाऱ्या माणसावर धावून जाते. याउलट रायफलची गोळी नेमकी लागते, पण चुकली तर कोसभर दूर जाऊ शकते. वाड्यावस्त्या विखुरलेल्या मुलखात तिच्यामागे मातीचा बांध किंवा टेकाड हवेच. म्हणून एकच बोअर सगळीकडे चांगली किंवा वाईट ठरत नाही. जड आणि मंद गोळीची .३१५ शंभर मीटरच्या आत डुकरासाठी पुरेशी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. मोकळ्या माळावर लांब उभ्या रोहीसाठी मात्र ती तोकडी पडते, कारण अंतर वाढले की तिची गोळी भराभर खाली येते.

ताकदीचा आकडा किती फसवा असतो, हे प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट यांच्या रायफलवरून कळते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची हलकी रायफल भेट मिळाली. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी १९२६ मध्ये याच रायफलने मारला. .२७५ रिग्बी हे नाव अनोखे वाटले तरी आतले काडतूस म्हणजे जगभर बनणारे सात मिलिमीटरचे माउझर होते. काडतूस मिळत राहिले, हात बसला आणि गोळी जागेवर लागली. परवान्यावर ‘वेगळी’ बोअर असावी म्हणून प्रतिष्ठेपायी जुनी अनवट रायफल घेऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रायफलचा नेम जुळवायलाच (झिरो करायला) पाच-दहा गोळ्या जातात. वर्षाकाठी मोजकी काडतुसे मिळणाऱ्या माणसाने अनवट माप घेतले, तर ती रायफल सरावाविना भिंतीवरच राहते आणि गरज पडते त्या रात्री हात अनोळखी असतो.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. सैन्याचा दारूगोळा चोरीला जाऊन खासगी बंदुकांत जाऊ नये, ही चिंता खरी आहे. आज आपले जवान आणि पोलीस वापरतात ती ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसे नागरिकांपासून दूरच ठेवावीत. स्वयंचलित शस्त्रांवरची बंदी तर प्रश्नातीत आहे. पण तेवढे केल्यावर उरलेल्या मापांत ‘हे चालेल, ते चालणार नाही’ अशी विभागणी सुरक्षेच्या नावाने करता येत नाही. मोकळीक दिली तर गुन्हे वाढतील, असेही म्हटले जाईल. पण गुन्ह्यांत सापडणारी बहुतांश शस्त्रे विनापरवाना असतात आणि त्यांना जीव देतात ती परवान्याच्या वाटेने गळालेली काडतुसे. गळती थांबवायची तर विकलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशोब हवा आणि रिकामी पुंगळी परत केल्याखेरीज नवे काडतूस मिळता कामा नये. .३१५ च्या पुंगळ्यांचा असा काटेकोर हिशोब ठेवला गेला असता, तर कट्टेवाल्यांची निम्मी अडचण तिथेच उभी राहिली असती.

म्हणून मागणी शस्त्रे वाढवण्याची नाही, निकष बदलण्याची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले, ते योग्य पाऊल होते. पुढचे पाऊल असे असावे, की उपद्रवी प्राणी मारण्याची परवानगी ज्याला द्यायची, त्याची दरवर्षी रेंजवर नेमबाजीची परीक्षा व्हावी. सरावाची काडतुसे त्याला वेगळी मोजून द्यावीत आणि पुंगळ्या परत घ्याव्यात. प्राणी, अंतर आणि आसपासची वस्ती पाहून कोणती बंदूक वापरायची हे वन अधिकाऱ्याने परवानगीपत्रावरच लिहावे. जखमी जनावराचा माग काढून त्याला यातनांतून सोडवण्याची जबाबदारीही त्याच परवानगीत यावी. या अटी पुऱ्या करणारा माणूस .३१५ वापरो की .३०-०६, समाजाला त्याच्यापासून धोका नाही. त्या न पाळणाऱ्याच्या हाती कोणतेही माप दिले, तरी शेजारच्या शेतात राबणारी माणसे आणि मरणारे जनावर दोघांवरही अन्यायच होईल.