जागलीचा कोट कोण शिवणार?

डिसेंबरात परभणीचा पारा घसरला की आपले स्टेटस सुरू होतात. हुडी घातलेला सेल्फी, टपरीवरचा वाफाळता चहा, खाली 'परभणी की काश्मीर?' कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि आपण तो अभिमानानं शेअर करतो. जणू थंडी आपणच पाडली!

त्याच रात्री जिंतूर रोडवरच्या झरीच्या शिवारात माझे वडील माळ्यावर बसलेले असतात. चार बल्ल्या, वर आडव्या फळ्या, भोवती हरभरा. रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळी रानात नुसता चिखल उरतो. म्हणून जागल. त्यांच्या अंगावर काय असतं? मी अकरावीत वापरलेलं, चेन तुटलेलं जर्किन, त्यावर घोंगडी, डोक्याला मफलर. आणि पाय खताच्या रिकाम्या पोत्यात. खोटं नाही सांगत, दोन्ही पाय पोत्यात घालून वर सुतळी बांधतात.

गेल्या हिवाळ्यात होस्टेलवर मोबाइल चाळता चाळता अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांचा एक व्हिडिओ दिसला. ही माणसं झाडावर चढतात, कमरेच्या रुंद पट्ट्यात झोपाळ्यासारखी बसतात, दोर खोडाला बांधलेला. आणि बर्फात तासन्‌तास हलत नाहीत. त्यांच्यासाठी खास सूट मिळतो. पायापासून डोक्यापर्यंत उबदार पिशवीच म्हणा, हातसुद्धा आत ओढून घेता येतात. आता सूट आख्खं अंग झाकणारा, मग पट्ट्याचा दोर बाहेर कुठून काढायचा? कुणी पुढे चीर देतं, कुणी पट्टा सुटाच्या वरून बांधतं. एका चिरेवर त्यांचा केवढा खल!

मला हसू आलं आणि मग रागही आला. तिथे छंदासाठी झाडावर बसणाऱ्याच्या थंडीचा एवढा बारीक विचार होतो. इथे पोटासाठी माळ्यावर बसणाऱ्याला पोतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं छंदाची शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. तो सूट मागवा असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे. चालताना शरीर भरपूर उष्णता तयार करतं. स्वस्थ बसलं की ती शंभरेक वॉटवर येते, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. त्यामुळे चालणाऱ्याचं जर्किन बसणाऱ्याला पुरत नाही. त्यात गावापासून रानापर्यंत भराभर चालून आलेला घाम असतो, पाणी देताना भिजलेली पँट असते. बसल्यावर तीच ओल अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून ते शिकारी सूट घालून चालत नाहीत. गुंडाळी पाठीवर नेतात आणि वर जाऊन अंगात चढवतात. आपल्या जागल्यालाही एवढं साधं तत्त्व लागू पडतं.

पण तिथून पुढे मात्र सगळं उलटं करावं लागेल. शिकाऱ्याला दिसायचं नसतं, म्हणून त्याचा रंग पानाफांद्यांचा. आपल्या माणसाला दिसायचं असतं. रस्त्याच्या कडेनं अंधारात येताना ट्रॅक्टरवाल्याला तो दिसलाच पाहिजे, म्हणजे चमकणारी पट्टी हवी. शिकारी गप्प बसतो, जागल्या डबा वाजवतो, गोफण फिरवतो, म्हणजे खांदे मोकळे हवेत. डुकरं आली की त्याला झटक्यात खाली उतरायचं असतं, म्हणजे पायाची पिशवी एका ओढीत सुटली पाहिजे. आणि डुलकी लागली तर खाली पडू नये म्हणून कमरेचा पट्टा हवा. तिथे मात्र त्यांची ती चीर आपल्याही कामाची.

कापडाचाही प्रश्न आहे. आपला माणूस शेकोटीजवळ बसणार. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर तशी सहजासहजी पेट घेत नाही, आणि दमट झाली तरी ऊब धरते. म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी आपल्या आजोबांनी उगाच खांद्यावर टाकली नव्हती. फक्त तिला बाह्या नाहीत, चेन नाही, पाय नाहीत. ते काम आपलं.

आता कुणी म्हणेल, कोट कसले शिवता, शेतीला दिवसा लाइट द्या! शंभर टक्के मान्य. पंपाची लाइट पाळीपाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की माणूस काकडत गव्हाला पाणी देतो. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे, ती लवकर पूर्ण व्हावी. पण दिवसा लाइट आली तरी डुकरं रात्रीच येणार. नुकसानीची भरपाई मिळते, पण त्यासाठी आधी नुकसान व्हावं लागतं, मग अर्ज आणि पंचनामा. कुंपणात करंट सोडणारे सोडतात, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही. या सगळ्यावर भांडायचंच आहे. पण भांडण निकाली निघेपर्यंत हा हिवाळा थांबणार आहे का?

आणि हे काम करायला परभणीसारखी जागा नाही. १९७२ मध्येच इथे कृषी विद्यापीठ उभं राहिलं. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी त्यानंच दिली. तिथे कृषी अभियांत्रिकी आहे, आणि सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात कापडाचं शास्त्र शिकवलं जातं. शहरात शिवणकाम करणारे आहेत, गावागावांत घोंगडी जपून ठेवलेली घरं आहेत. फक्त यांना एका टेबलाशी कुणी बसवलं नाही. आपण मात्र शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सीनिअरच्या पेन ड्राइव्हमधून घेतो, वरचं नाव बदलतो आणि स्पायरल बाइंडिंग करतो. मीही तेच केलंय, म्हणून बोलतोय. तो प्रोजेक्ट कुणाच्या अंगावर चढला नाही, कपाटात गेला.

या दिवाळीत मी वही घेऊन वडलांसमोर बसलो. अप्पा, कोट कसा पाहिजे? रंग, खिसे, टोपी, सगळं विचारलं. त्यांना आधी चेष्टा वाटली. मग म्हणाले, "पायाचं बघ आधी. बाकीचं भागतं. आन् धुवाया सोपा पाहिजे, तुझ्या मायला तरास नको. किंमत पोत्याएवढी नसली तरी चालंल, पण बियाण्याच्या बॅगेपेक्षा जास्त नको."

तीन अटी वहीत लिहिल्यात. कुणाला शिवणयंत्र चालवता येत असेल, तर शनिवारी झरीला या. माळा दाखवतो.