वही एकाच्याच हाती

परवा बीडच्या मोंढ्यातला एक दुकानदार निकालाची नक्कल घेऊन आला. भाडं थकलं म्हणून दुकान खाली करण्याचा हुकूम. तो सांगत होता, "एक महिना चुकवला नाही, दर महिन्याला रोख हातात दिलं." पावती एकही नाही. भाड्याची पावती घ्याच, हा माझा जुना हट्ट. तो खरा ठरल्याचं समाधान नाही, संताप आहे.

बीडच्या माणसाला ही गत नवी नाही. ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतो. किती घेतली, किती फिटली, हे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपल्यावर अंगावर बाकी निघते आणि ती खोटी म्हणायला जोडीच्या हातात कागद नसतो. भाड्याची वहीसुद्धा अशीच मालकाच्या गल्ल्यात. राबणारा, पैसे मोजणारा तोंडी बोलतो, लिहितो दुसराच.

फरक आहे तो इथे. फडावर जाऊन मुकादमाची वही कुणी उघडत नाही. भाडेकरूच्या मागे मात्र 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा उभा आहे. मालकाने पावती दिलीच पाहिजे. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरायचं, असं कलम 55 सांगतं. पण हे अटींपुरतं. पैसे दिले हे दाखवायचं भाडेकरूनेच.

कलम 15 तर मोठा आधार. मालकाने आधी लेखी मागणी करून 90 दिवस थांबायचं. दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याज आणि खर्चासह कोर्टात भरायची, पुढचं भाडंही भरत राहायचं. मग थकबाकीसाठी बेदखली होत नाही. आमच्या दुकानदाराने ती भरली नाही. "दिलेलं पुन्हा का देऊ?" प्रश्न खरा होता, पण तो विचारण्यात मुदत गेली.

आता जिल्हा न्यायालयात अपील, 30 दिवसांच्या आत. अपील दाखल झालं म्हणजे हुकूम थांबला, या समजुतीने घरं-दुकानं गेली आहेत. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती फुकट मिळेलच असं नाही. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधल्या एका जागेचं भाडं महिना 371 रुपये 90 पैसे होतं. स्थगितीसाठी महिना 15,000 रुपयांची अट घातली गेली आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. 2009 मध्ये खुद्द महाराष्ट्र सरकार भाडेकरू म्हणून तिथे गेलं, त्यालाही अशा अटीतून सूट मिळाली नाही. जिल्हा न्यायालयानंतर दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाता येतं, पण साक्षीपुरावा तिथे नव्याने मांडता येत नाही.

म्हणून भाड्याने राहणाऱ्या, गाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला विनंती: या महिन्याचं भाडं चेकने किंवा फोनवरून खात्यात द्या, महिन्याचं नाव लिहा. मालक रोखच घेणार म्हणाले तर सही घ्या. सही देत नसतील तर त्याच दिवशी मनीऑर्डर करा आणि तिची पावती जपून ठेवा.