थ्रेड : गुराबेचा आराखडा कुणाकडे आहे?

१/ दिवाळी जवळ आली की पुण्यात वाड्यांच्या चौकांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मातीचे किल्ले उभे राहतात. कुणी सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग केला, तर भोवतीच्या निळ्या पाण्यात आरमारही येते. त्यातली जहाजे बहुधा एकाच साच्याची असतात : उंच पोट, तीन डोलकाठ्या, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्यांच्या रांगा. थोडक्यात, नेल्सनचे ‘व्हिक्टरी’, वर भगवा.

२/ मुलांच्या किल्ल्यात हे चालून जाते. परंतु हौशी मोठ्यांनी महिनोन्‌महिने खपून केलेल्या लाकडी प्रतिकृतीवर ‘मराठा गुराब’ अशी पाटी लागते आणि खाली तेच जहाज असते, तेव्हा ती चूक गंभीर ठरते. मातीचा सिंहगड चुकला तर रविवारी वर जाऊन पडताळता येतो. गुराब पडताळण्यासाठी कुठे जाणार?

३/ गुराबेचे सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली निघाला. त्यानुसार गुराबेला सहसा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, बूड उथळ, आणि नाळेकडे निमुळते होत गेलेले, पुढे झेपावणारे टोक. या टोकामागच्या आडभिंतीत छिद्रे पाडून दोन जड तोफा थेट समोर रोखलेल्या. कुशीच्या तोफा त्याहून हलक्या.

४/ सोबतीला गलबते : मोठ्यात मोठे ७० टनांच्या आसपास, एक प्रचंड त्रिकोणी शीड आणि ४०-५० वल्ही. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत. इंग्रजांचे अवजड जहाज जागीच खोळंबलेले असताना गुराबा त्याच्या पिछाडीला येऊन समोरच्या तोफा डागत. माघार घ्यायची तर उथळ बुडामुळे खाडी मोकळी.

५/ म्हणजे मराठ्यांच्या सागरी युद्धाची सारी रीत या उथळ बुडात आणि पुढच्या टोकात होती. प्रतिकृतीला खोल पोट आणि कुशीच्या तोफांच्या रांगा दिल्या की नेमकी तीच पुसली जाते. पाहणाऱ्याला वाटते, आपले आरमार म्हणजे युरोपीय आरमाराची लहान आवृत्ती.

६/ अडचण खरी आहे. ऑर्म टन सांगतो, लांबी सांगत नाही. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांत आरमाराच्या खर्चाचे आणि नेमणुकांचे उल्लेख आहेत, पण त्यांवरून फळ्यांचा बाक काढता येत नाही. कोकणातला सुतार कागदावर रेघ न ओढता नजरेने आणि हाताच्या मापाने जहाज बांधी. आराखडा त्याच्या अंगात होता आणि त्याच्याबरोबरच गेला.

७/ याउलट ‘ट्रिंकोमाली’ पाहा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ही ब्रिटिश फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. खडकीच्या लढाईला तेव्हा महिनाही उरला नव्हता. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत नष्ट झाले, तेव्हा इंग्लंडहून दुसरी प्रत आली. जहाज आजही हार्टलपूलला उभे आहे. तिची प्रतिकृती करणाऱ्याला एकही वाक मनाने ठरवावा लागत नाही.

८/ आणि गुराबा? फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांस बांधून उभी होती. एकाला आग लागली आणि सारे आरमार जळाले. या मोहिमेचा करार आदल्या वर्षी मुंबईकर इंग्रज आणि नानासाहेब पेशवे यांच्यात झाला होता. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, त्याचा बंदोबस्त करण्याचे कारण दरबाराला पुरेसे वाटले असेल. तरीही पुण्यात बसून गुराब घडवणाऱ्याने हे विसरू नये, की तिचा नमुना हरवण्यात शनिवारवाड्याचाही हात आहे.

९/ मग प्रतिकृती करूच नये का? अवश्य करावी. अजिंठ्यातील एका चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचे ‘कौंडिण्य’ जहाज बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये नौदलात दाखलही झाले. तिथेही आराखडा नव्हता. परंतु आधी लहान प्रतिकृती करून मद्रास आयआयटीत तिची पाण्यावर चाचणी घेतली गेली, म्हणजे तर्काला परीक्षेस बसवले गेले. फ्रेंच नौदल अधिकारी पारी यांनी १९व्या शतकात आशियातील किनाऱ्यांवरच्या नौका प्रत्यक्ष मोजून रेखाटल्या. अशा नंतरच्या रेखाटनांतूनही सुतारकामाचा अंदाज बांधता येतो.

१०/ एक रीत उसनी घेण्याजोगी आहे. इंग्लंडच्या नेव्ही बोर्डाच्या १७व्या शतकातील प्रतिकृती, बहुतेक १:४८ प्रमाणाच्या, बुडाकडे फळ्या न ठोकता सोडलेल्या असत. आतल्या बरगड्या उघड्या दिसत. गुराबेत हीच मोकळीक वेगळ्या कामी यावी. नाळेचे टोक, दोन तोफा, काठ्या यांना वर्णनाचा आधार आहे, तिथे पुरे काम करावे. जिथे केवळ तर्क आहे तिथे, विशेषतः मागच्या भागात, बरगड्या उघड्या ठेवाव्यात आणि पाटीवर तसे लिहावे. (लाकूडही सागवानी नको. त्याचे रेषे १:४८ ला दोरखंडाएवढे जाड दिसतात.)