मनोरुग्णालयांत औषधांना जोड कशाची?

तीव्र मनोविकारात केवळ औषधांनी भागत नाही, याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. प्रश्न आहे तो सरकारी रुग्णालयांत हे तत्त्व अमलात का येत नाही, हा.

कारण रोकडे आहे. गोळ्या वाटण्यास एक परिचारिका सबंध कक्षाला पुरी पडते. एका रुग्णाशी पाऊण तास बोलायचे तर एका मानसशास्त्रज्ञाचा पाऊण तास खर्ची पडतो. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचा पसारा पाहता हा हिशोब कुठे जाऊन थांबतो, हे सांगायला नको. त्यात असा मानसशास्त्रज्ञ सहसा तयार होतो तो पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांच्या पूर्णवेळ प्रशिक्षणाने. जाहिरात काढली की माणूस मिळाला, असे येथे होत नाही.

औषधांचे मोल कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. पॅरिसच्या सेंट-ऍन रुग्णालयात १९५२ मध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू केला, तेव्हापासून हजारो रुग्ण संवाद साधण्याच्या स्थितीत येऊ शकले. परंतु स्किझोफ्रेनियात भास आणि संशय शमवणाऱ्या या गोळ्या निरुत्साह, एकलकोंडेपणा, कामाची मोडलेली सवय यांवर फारशा चालत नाहीत. आणि घरचे लोक कंटाळतात ते बहुधा याच गोष्टींना.

डॉ. विद्यासागर यांनी अमृतसरच्या मनोरुग्णालयात पन्नासच्या दशकात नातेवाइकांनाच रुग्णांसोबत तंबूत राहायला बोलावले होते. पुढे वेल्लोरनेही कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले. उपचार पाहत राहिलेले कुटुंब रुग्णाला घरी न्यायला कचरत नाही, एवढा साधा हा विचार होता. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत मात्र प्रवेशद्वाराशी निरोप घेण्याचीच रीत दीर्घकाळ राहिली. त्याची परिणती जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. मनोरुग्णालयांतील व्यक्तींना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार तत्काळ थांबवा, असे न्यायालयाने महाराष्ट्राला बजावले.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने काही दारे उघडली आहेत. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना विद्युतझटके देण्यास बंदी आहे. रुग्णाकडून सक्तीने काम करून घेता येत नाही, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. व्यवसायोपचाराच्या नावाखाली झाडलोट करवून घेण्याला त्यामुळे कायद्याचा आधार उरलेला नाही. घरी सोडण्यापूर्वी रुग्ण, कुटुंब आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी विचारविनिमय करणेही बंधनकारक आहे.

हा 'पुढे'चा भागच सर्वांत दुबळा आहे. तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्तांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड मिळालेल्या गटात लक्षणे व परावलंबन यांत वर्षभराने अधिक सुधारणा दिसली. फरक माफकच होता. पण तो घडवणारे बडे पदवीधर नव्हते, याची नोंद नियोजनकर्त्यांनी घ्यायला हवी. हे काम उद्या आशा कार्यकर्त्यांच्या गळ्यात घालायचे, तर त्याचे वेगळे मानधन कोण देणार आणि देखरेख कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाने करायची, हे आधी ठरवावे लागेल.